शेडमधला फुगा

अशोक चौकातून साठ रुपयांचे फुगे घेतले.
दुकानदाराने विचारलं, "कितवा वाढदिवस?"
मी काही बोलले नाही.

शेड रिकामी. माग भंगारात गेले,
फरशीत उरलेत बोल्टांचे खड्डे
आणि तेलाचे डाग, मागाच्याच मापाचे.
टाचणी टोचली.
आवाज पत्र्यावर गेला, परत आला,
समोरच्या भिंतीला विचारून पुन्हा आला.
साडेचार सेकंद.
एवढ्यात नट एक वाक्य संपवून
दुसऱ्यात पाय अडकून पडेल.

इथे नाटकं करायची आहेत. ट्रस्टी म्हणतात,
"मॅडम, मोठे स्पीकर लावू की."
आवाज कमी पडत नाहीये हो,
तो उरतोय.

अंबय्या गुंडेटी, वॉचमन.
पूर्वी इथेच अकरा नंबरच्या मागावर.
कान मागांनीच नेले. ओठ वाचतो,
मराठी ओठ, तेलुगू ओठ.
"खडखडाटात समदे असंच बोलायचो," म्हणतो,
"शिव्या तर पार त्या टोकाहून कळायच्या."

फुगा फुटला तेव्हा त्याचा तळवा भिंतीवर होता.
"मागची भिंत लई बोलते."
माझ्या मीटरने तेच सांगितलं,
नंतर, आकड्यांत.

मग चादरी आणल्या.
काठ चुकलेल्या, मोर उलटे विणलेल्या,
गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या.
भिंतीपासून वीतभर सोडून टांगल्या,
चुण्या घालून, कारण ताणलेलं कापड
खर्जाला हातही लावत नाही.
अंबय्या शिडीवर. प्रत्येक चादरीची वीण
अंगठ्याने चाचपून मगच अडकवायचा.
दुपारी पत्रा तापून कटकट करायचा.
आम्ही खाली बसून कडक भाकरी मोडायचो,
तिचा आवाजसुद्धा
रोज थोडा थोडा लहान होत गेला.

शेवटचा फुगा. एक पॉइंट दोन.
मी तिथेच एक टाळी वाजवली,
ती हातातच राहिली.
वळून पाहिलं तर अंबय्याचा हात
चादरीखालून भिंतीला लावलेला.
"आता कायबी येईना," तो म्हणाला.

मागच्या भिंतीवर, दाराशेजारी,
दोन बाय दोन फूट जागा मी उघडी ठेवली आहे.
ट्रस्टींनी पाहणीत विचारलंच,
इथे चादर का नाही?
मी म्हटलं, ओल येते तिथे.
सोलापुरात. मे महिन्यात.
त्यांनी मान डोलावली,
आणि वहीत लिहून घेतलं.