दोन वर्षांची जागा

हेतेपनेब साहेब आज स्वतः थडग्यात आले.
दोघांनी धरून उतरवलं.
गुडघे गेलेत, आवाज तेवढा शाबूत.

"लिही, राजाच्या पादत्राणांचा वाहक."
ते झालंय, मी म्हटलं.
"मोहरेचा रखवालदार. दोन्ही कोठारांचा अधीक्षक.
कालव्यांचा प्रमुख.
राजाचा एकमेव सखा."
असे एकमेव सखे
याच टेकडीत मी आजवर नऊ कोरलेत.

मग नेहमीची ओळ:
भुकेल्याला मी भाकर दिली, उघड्याला वस्त्र.
ती मला न बघता येते.
ज्याने जन्मात कुणाला कांदा दिला नाही
त्याच्याही भिंतीवर आहे ती,
माझ्याच हातची.

तांब्याची छिन्नी बोथटली म्हणून थांबलो,
गेरूच्या रेघा खालून वर मोजल्या.
गावचं कोठार संपतं, कालवे सुरू होतात,
मध्ये दोन वर्षं कुठेच बसत नाहीत.

"ती सोड," म्हणाले. "तेव्हा पद नव्हतं."

ती दोन वर्षं मला ठाऊक आहेत.
नदी घाटाच्या पायऱ्या चढलीच नव्हती.
शेवाळ वाळून पापडासारखं सुटत होतं.
मी आईच्या कडेवर, आई कोठाराच्या दारात,
आणि हुकूम यायच्या आधीच
एका पोरसवद्या कारकुनाने मोहर फोडली.
खपली गहू. ओच्यात. मापाविना.
आई सांगायची, त्याचे हात असे कापत होते
की निम्मे दाणे मातीत सांडले,
ते आम्ही नंतर वेचले.
त्याला खाणीवर धाडलं, दगड मोजायला.

"साहेब, हेच कोरू द्या."

बराच वेळ ते भिंतीकडे बघत राहिले.
"नातवंडं वाचतील," म्हणाले,
"म्हणतील, आजोबांना शिक्षा झाली होती."
तेलात मीठ कमी पडलं असावं, वात धुरकटली.
त्यांना ढास लागली. वर नेलं.

आता मी एकटा.
पुढचं पद कोरायला घेतलंय, घुबडापर्यंत आलोय.
पण खाली, घोट्याच्या उंचीवर,
नैवेद्य घेऊन निघालेल्या बायकांच्या पावलांपाशी
एक दाणा कोरलाय.
एकच. नखाएवढा.
मुकादम सेनबी दिवा खाली धरून विचारील, हे काय?
सांगीन,
दगडाचा टवका उडाला.