आधी बत्तीस वजा

बुधवारी संध्याकाळी सहा ते नऊ, खोली दोनशे चौदा,
डुलुथच्या कॉलेजात मी घनता शिकवते.
वस्तुमान भागिले आकारमान.
बाकी काही नाही त्यात, म्हणते मी,
आणि बावीस जणांतले निम्मे उलटं भागतात.

वेंडेल कार्याला, वय एकोणसाठ.
तीस वर्षं लोहखनिजाच्या बोटींवर, मग गुडघे गेले.
आता पाणी तपासायच्या खात्यात नोकरी हवी आहे
आणि तिथे हा पेपर लागतो.
त्याचा धातूचा तुकडा साडेचाळीस ग्रॅमचा,
मोजपात्रातलं पाणी पन्नासवरून पासष्टवर चढलेलं.
वहीत उत्तर : शून्य पूर्णांक सदतीस.

वेंडेल, तुकडा पाण्यात टाकला तेव्हा काय झालं?
बुडाला.
आणि शून्य पूर्णांक सदतीस पाण्यात टाकलं तर?
तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला,
मग खोकल्यासारखं हसला :
माझं उत्तर तरंगतंय.

तापमानाचंही तसंच.
आधी बत्तीस वजा, मग पाचाने गुण, मग नवाने भाग.
क्रम चुकला की उकळतं पाणी
शहाऐंशीवर येऊन गप बसतं.

मी सांगत नाही त्यांना
की आमच्याकडे अंगातला ताप फॅरनहाइटात
आणि अंगणातलं ऊन सेल्सिअसात,
एकाच घरात, एकाच दुपारी.
एकशे दोन म्हटलं की कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी,
बेचाळीस म्हटलं की माठाला ओलं फडकं.
सूत्र कुणालाच येत नव्हतं.
गोंधळलंही कुणी नाही.

नातेपुत्याला आबांचं दूध संकलन केंद्र होतं.
लॅक्टोमीटर म्हणजे काचेची बाहुली, पोटात शिसं.
चांगल्या दुधात ताठ उभी राहायची,
पाणी घातलेल्या दुधात गळ्यापर्यंत बुडायची.
अठ्ठावीसला पास, सव्वीसला बोलणी,
चोवीसला कॅन परत.
दूध धारोष्ण असेल तर आबा हात वर करायचे,
निवू दे जरा. गरम दूध खोटं बोलतं.

एका पहाटे भामाक्काच्या दुधात
बाहुली चोवीसपर्यंत गेली.
मी सातवीत, वही माझ्याकडे.
आबांनी बाहुली काढली, धोतराच्या सोग्याला पुसली.
गरम आहे, म्हणाले. अठ्ठावीस लिही.
डिसेंबर होता.
कॅन धरला तर बोटं बधिर होत होती.
मी अठ्ठावीस लिहिलं, जरा जास्तच सुवाच्य.

परवा फोन झाला. आबांना ताप, एकशे एक.
तिकडं किती?
उणे पंचवीस, म्हटलं,
खिडकीबाहेर बँकेची पाटी उणे तेरा दाखवत असताना.
अरे बापरे, म्हणाले, कानाला बांध काहीतरी.
दोघांनीही पायऱ्या लिहिल्या नाहीत.

आता वेंडेलचा पेपर समोर आहे.
प्रश्न पाचवा : एकोणचाळीस पूर्णांक दोन फॅरनहाइट म्हणजे किती सेल्सिअस?
आधी त्याने गुणलं, भागलं, शेवटी बत्तीस वजा केले,
आलं उणे दहा. त्यावर काट.
खाली पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात :
चार.
कारण हिवाळ्याच्या तोंडावर तळं उलथतं
ते एकोणचाळीसला, हे मला बोटीवरून माहीत आहे.
पाणी सगळ्यात जड चारला, हे तुम्ही सांगितलंत.
म्हणजे दोन्ही एकच असणार.

नियम असा आहे की पायऱ्यांना सहा गुण, उत्तराला दोन.
बाकीचे एकवीस पेपर तपासून झाले.
बाहेर सुपिरिअरवर बर्फ धरतंय,
आतून कसलासा आवाज येतो, दाराला कुरकुर असावी तसा.
लाल पेन टोपण घालून बाजूला.
वेंडेलचा पेपर मी
निवायला ठेवलाय.