रोजकीर्द

साखरेचा डबा धुऊन वर ठेवला
त्याच महिन्यात मुंग्या पायात राहायला आल्या.
आधी अंगठ्यापाशी दोन-चार,
मग टाचेपर्यंत रांग.
मुंग्यांनाही घर बदलावं लागतं,
असं गालांच्या मेडिकलमध्ये म्हटलं
तर हसत हसत त्यांनी
पट्टी कापून दिली. दहाची.

कन्नमवार नगर, तिसरा मजला.
जिना उतरताना चप्पल निसटते
आणि पायाला ते कळत नाही.
मी दूधवाल्यापर्यंत एकाच चपलेत.
वरून म्हसकरांचा ईशान ओरडतो,
"आजी, हिला विसरलात!"
दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर
माझी दुसरी चप्पल
रुसलेल्या पाहुणीसारखी बसलेली.

फरशी आता फरशी नसते.
सकाळी कापूस, दुपारी रवा,
रात्री अकरानंतर
कुणीतरी पिना टोचून बघतं
आत कोणी आहे का.

डॉक्टर परेरांनी घोट्याला
एक गुणगुणणारा काटा लावला.
"थांबलं की सांगा."
माझं थांबलं तेव्हा
त्यांच्या हातात तो अजून वाजत होता.
"सौम्य आहे," म्हणाल्या.
पूर्वी स्थळ सांगताना मुलीला लावायचे
तो शब्द.

रात्रीच्या गोळीनं पिना बोथट होतात,
शब्दही होतात.
काल किसणी आठवेना.
हवेत किसून दाखवलं,
अच्युतनं आधी चाळणी आणली, मग झारा,
मग गाजर स्वतःच चिरत बसला.
घोटे सुजतात. सकाळी अकरापर्यंत डोकं
शटर अर्ध्यावर ओढलेलं.

आणि देणारे किती!
कुंदावन्सं शेवग्याच्या पाल्याची पूड,
भाऊजी कुवेतहून माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या
(आमच्या दारी बांगडा रोज येतो,
त्यांना कोण सांगणार),
लेकीचं कुरिअर, बाटलीवर पळणारा माणूस.
तळमजल्याच्या साठेकाकूंनी टॉनिकच दिलं,
"मिस्टर गेले, हे उरलं."
कुणालाच नाही म्हटलं नाही मी.
चहा गोळीपासून तासभर लांब,
कॅल्शियम लोहापासून लांब,
भात माझ्यापासून लांब.
नाचणीची भाकरी तेवढी
न बोलावता रोज येते.

एकतीस वर्षं मी कॅशला होते,
सहकारी बँक, भांडुप शाखा.
ओल्या स्पंजवर बोट, शंभराची गड्डी.
नकली नोट आधी बोटाला कळायची,
डोळ्याला नंतर.
त्याच सवयीनं एका दुपारी
भिंग घेऊन बसले.
सगळ्या पट्ट्या, सगळ्या बाटल्या,
मागचं मुंगीएवढं अक्षर.
जुन्या डायरीत रकाने पाडले.
बी-सहा इथे.
बी-सहा तिथे.
बी-सहा साठेकाकूंच्या मिस्टरांकडेही.
बेरीज केली. मग खालून वर, उलटी.
जमा फार होती.

डॉक्टरांनी पान दोनदा वाचलं.
"हे जास्त झालं तरी मुंग्याच येतात,"
म्हणाल्या, आणि तीन नावांवर काट मारली.
बी-बारा ठेवलं,
साखरेच्या गोळीनं गुपचूप नेलेलं
भरून काढायला.
मला हसू आलं.
सगळ्यांची माया, मिलिग्रॅममध्ये.

कमी झाल्या का?
थोड्या. किंवा मोजायचा कंटाळा आला असेल.
अजून बादलीत पायाआधी कोपर घालते,
बाळाच्या अंघोळीला घालायचे तसं.

रात्री अच्युत मोबाईलचा उजेड पाडून
माझे तळवे तपासतो,
फोड आहे का, खरचटलंय का.
छत्तीस वर्षांत ह्या माणसानं
माझे पाय नीट पाहिले नव्हते.
मग एक बोट धरतो.
"कुठलं?"
मी डोळे मिटून, "मधलं."
तो जरासा थांबतो.
"बरोबर."

एकतीस वर्षं नोटा पारखल्या.
ही उजेडात धरून बघत नाही.
गल्ल्यात टाकते.