बोजा

पंधरा वर्षं झाली, हेस्टर,
आणि आपलं घर अजून
सरकारी नकाशावर लिंबाची बाग आहे.

आज पुन्हा पाफोसला गेलो.
पंखा तोच, खिडकी क्रमांक चार तीच,
फक्त टोकन आता यंत्रातून येतं.
आधीच्या बाई निवृत्त झाल्या.
जाताना माझी फाइल नव्या बाईंच्या हवाली केली म्हणे,
गावाला जाताना मांजर शेजारी ठेवावं तशी.

नव्या बाईंचं नाव मारूल्ला.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बोट फिरवत वाचलं:
प्लॉट तीनशे सात. लिंबं, चाळीस झाडं.
मालक, पाम्बोस बिल्डर.
इतर हक्कात, बँकेचा बोजा.
तुमचं नाव कुठे लागलेलं नाही, मिस्टर ऑल्डरसन.

बोजा.
बत्तीस वर्षं मी ग्रिम्सबीच्या गोदीत क्रेन चालवली.
बोजा काय असतो ते माझ्या हातांना कळतं.
उचलला की तार कण्हते,
खाली येऊ लागला की माणसं आपसूक बाजूला होतात.
हा कागदावरचा. याला आवाजच नाही.
याच्याखाली आपण पडदे लावले.

पाम्बोसने सगळे पैसे मोजून घेतले होते,
तुझ्या आईच्या अंगठीचेसुद्धा.
करार दिला, वर एक कलिंगड दिलं.
शेत आधीच गहाण आहे
एवढंच तेवढं सांगायचं राहिलं.

वकील लोइझोस म्हणायचा, आव्रियो.
उद्या.
मला आलेला ग्रीकमधला पहिला शब्द.
भिंतीत खिळा ठोकताना मी थबकायचो,
राहू दे, अजून आपलं कुठे आहे.
तू म्हणायचीस, खिळ्याला काय माहीत.

अंगणातलं कॅरोबचं झाड मात्र कायदेशीर आहे.
जमीन पाम्बोसची, घर कुणाचंच नाही,
पण झाड देस्पिनूचं, तिच्या पणज्याच्या काळापासून,
शिक्क्यानिशी.
दर सप्टेंबरात ती काठी घेऊन येते,
न विचारता फाटक उघडते, काळ्या शेंगा झोडपते,
आणि पायरीवर काकवीसारख्या पाकाची बाटली ठेवून जाते.
तू गेलीस त्या वर्षी दोन ठेवल्या.

तुझा कागद आठ दिवसांत मिळाला होता.
दोन मीटर बाय एक, सरूच्या रांगेत तिसरी.
या बेटावर तुझं नाव लागलं.
बोजा: निरंक.

दुपारी अडीचला खिडकी बंद होते.
मी उठत नव्हतो. गुडघा, आणि दुसरं काय.
मारूल्लाबाईंनी खणातून प्लास्टिकमधला एक कागद काढला.
वडिलांच्या नावाचा. उत्तरेकडचं गाव.
दोन खोल्या, ओसरी,
विहिरीत एक षष्ठांश हिस्सा.
मी मुद्दाम दोष शोधला. नव्हता.
सही, शिक्का, चतुःसीमा, सगळं जागच्या जागी.

'मी तेव्हा सहा वर्षांची होते,' त्या म्हणाल्या.
'नाकं उघडली त्या वर्षी एकदा जाऊन आले.
आत दुसऱ्या बाई राहतात.
त्यांनी मला कॉफी दिली. साखर किती, विचारलं.'

एवढंच. कागद परत खणात गेला.
माझ्या अर्जावर 'प्रलंबित' उमटलं,
शाई कमी होती म्हणून दोनदा.

बसने घरी आलो. देस्पिनू येऊन गेली होती;
शिडी तिने झाडालाच टेकून ठेवलीय,
तिच्या झाडाला, तिची शिडी, मी काय बोलणार.
संध्याकाळी सहज लिंबं मोजायला निघालो.
रेकॉर्डला चाळीस.
पाण्याच्या टाकीमागे एकच आहे,
तू जिच्यावर पायपुसणी वाळत घालायचीस
त्या तारेला लागून.

उद्या एक रोप आणीन म्हणतो.
खड्डा करायला परवानगी लागते का, ते विचारलं नाही.
निदान रेकॉर्ड
थोडं खरं होईल.