सार्डिनच्या डब्याचा पत्रा

बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये होतं,
आलुबुखार भरलेल्या गोळ्यांच्या शेजारी,
पिशवीत, तोंड बांधून.
झ्बिन्येकनं पहिल्याच वेळी चिठ्ठी चिकटवली होती:
हे खाऊ नये.
आजची तिसरी वेळ. चिठ्ठी तीच.

इंजिनाचं अर्धं कवच ओव्हनमध्ये,
एकशे दहा अंशांवर.
रविवारच्या पावाकडे बघावं तसा
तो काचेतून वाकून बघतो, म्हणतो,
"यार्मिला, हे फुगत नाहीये."

फुगतंय रे. केसाएवढं.
मला तेवढंच हवंय.

ब्रनोच्या ट्राम डेपोत एकतीस वर्षं
मी रुळांखालच्या खड्ड्यात उभी होते.
अख्खं शहर रोज माझ्या डोक्यावरून गेलं
आणि मी त्याचे फक्त तळवे पाहिले.
निवृत्तीच्या पैशांतून घेतली ही जावा,
सत्तावन्न सालची, वाळलेल्या चेरीच्या रंगाची,
टिश्नोव्हच्या एका म्हातारीकडून, चार खोक्यांत.
पाचवं खोकं आठवड्यानं सापडलं,
कोंबड्यांच्या खुराड्यात. कार्ब्युरेटरवर अंडं.

हिची गंमत म्हणजे एकच दांडी.
आत दाबून वर फिरवली तर किक,
सोडली की तीच गियर.
ज्यानं हे योजलं त्याच्या घरी
दोन माणसांत एकच खुर्ची असणार.

आणि मग, क्रँकच्या कडेला,
जिथं कारखान्यातली पोलादी चकती असायला हवी
तिथं सार्डिनच्या डब्याचा पत्रा.
कात्रीनं गोल कापलेला,
वर निळी शाई, अर्धा मासा, एक डोळा.

मी खूप हसले.
खड्ड्यातल्या पोरांना फोन करून सांगितलं.
पत्रा डिंकाच्या बाटलीखाली सारला
आणि नवी चकती मागवली, मापाची,
मेणकागदात गुंडाळलेली.

शाफ्ट अडला.
उघडलं, कवच तापवलं, बेअरिंग गोठवलं,
दुसरी चकती, एक दशांश पातळ.
शाफ्ट अर्धा फेरा फिरला आणि रुसला.
नाकी नऊ आले. झ्बिन्येकचा पाव दोन रविवार बुडाला.
तो काही बोलला नाही,
बेकरीचा आणला आणि मोठ्यानं चावला.

काल रात्री झोप येईना म्हणून
तो पत्रा गेजमध्ये धरला.
एका कडेला जाड. समोरच्या कडेला कमी.
परत धरला.
बारीक कानशीनं, कुणीतरी, कितीतरी वेळ बसून
त्याला उतार दिला होता.

कवचच एका अंगानं झिजलं होतं.
हे त्याला कळलं होतं, डबा खाऊन झाल्यावर,
बोटांना तेल, बहुधा माशाचंच,
बाहेर दुकानांत काहीही मिळत नसताना.
मला कळलं नाही,
चांगल्या उजेडात, चष्म्यासकट.

म्हातारीला फोन केला. कुणी केलं हे?
ती म्हणाली, नवरा असेल, नाहीतर त्याचा भाऊ ओताकर,
नाहीतर तो दूधवाला, त्याला सगळंच येत होतं.
मग तिनं कोंबड्यांविषयी सांगितलं. बराच वेळ.

घड्याळात वीस मिनिटं.
झ्बिन्येक हातमोजे घालून कवच बाहेर काढतो,
ओट्यावर, लाकडी पाटावर ठेवतो.
मी फ्रीजरकडे धावते,
साठीनंतर जेवढं धावता येतं तेवढं.
बेअरिंग बोटांना चिकटतं,
खाचेवर धरते, सोडते.

टक.

हातोडी नको, शिवी नको.
चार सेकंदांत अॅल्युमिनियम आवळतं
आणि मग कुणाच्या बापाला ते निघत नाही.

पत्रा जागेवर बसवला, उतार तिकडेच,
डोळा आतल्या बाजूला.
शाफ्टला एका बोटानं ढकललं.
फिरला. आणि फिरतच राहिला थोडा,
कुणी मागून हाक मारली नाही तर
माणूस चालत राहतो तसा.

"झालं का?" झ्बिन्येक विचारतो.
हाताला पीठ, कणीक केव्हाची फुगून
पातेल्याबाहेर आलेली.

संध्याकाळी पावाला किंचित मशीनचा वास.
त्यानं लोणी लावून तीन तुकडे खाल्ले.