एका पायाचा मोर

रात्री दोनला शेजारचा माग थांबतो,
आणि मग मला माझंच ऐकू येतं.
छातीच्या हाडामागे कुणीतरी चूल पेटवून
विसरून गेलंय.
आंबट पाणी घशापर्यंत येतं,
दार वाजवतं, परत जातं.

सातवा महिना आणि मे महिना,
भद्रावती पेठेत पत्र्याखाली
दोघं एकाच वेळी मुक्कामाला.

सासू म्हणते मंट. मी म्हणते जळजळ.
सिस्टरच्या कार्डावर ॲसिडिटी.
तिन्ही भाषांत ती झोपू देत नाही.

मंट म्हणजे जावळ दाट, सासू सांगते,
बाळाचे केस आतून टोचतात.
हा पोटात होता तेव्हा तर
मी नऊ महिने आगच प्यायले.
मी अंबादासच्या टकलाकडे बघते.
पुरावा खाली मान घालून जेवतोय.

मला हवी असते शेंगाची चटणी,
उखळात कुटलेली, बोटाला तेल सोडणारी,
कडक भाकरीच्या तुकड्यावर.
मुलाणी सिस्टर म्हणाल्या, तिखट बंद.
मी विचारलं, किती बंद?
त्या हसल्या नाहीत. वजन लिहिलं,
बीपी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं.
एकदम पोटभर नको,
अर्धी अर्धी भाकरी चार वेळा.
जेवल्यावर लगेच आडवी होऊ नकोस,
दोन-तीन तास जाऊ देत.
सोडा मनानं घ्यायचा नाही,
फारच झालं तर माझ्याकडे ये, औषध मी देईन.

दोन-तीन तास!
बाई, तेवढ्यात माझ्या दोनशे विड्या व्हायच्या.
सूप सासूनं कधीच उचलून माळ्यावर टाकलंय,
तंबाखूचा वास बाळाला नको म्हणून.
तरी जेवून उंबऱ्यात बसले की
बोटं आपोआप वळत राहतात,
पान नाही, दोरा नाही,
नुसती हवा वळून बांधून ठेवते.

गार दूध घेतलं. अर्धा तास विझलं.
मग पुन्हा.

उशाशी उंच कर, सिस्टर म्हणाल्या होत्या.
अंबादासनं कुठून तरी दोन विटा आणल्या,
खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली घातल्या,
सुतळीनं माप घेतलं, मागाचं घेतात तसं.
पहाटे मी पायथ्याशी गोळा होऊन होते,
उशी वर एकटी.
सासू इतकी हसली की तिलाच ठसका लागला,
आणि मी हसले तशी जळजळ वर आली.

दुसऱ्या रात्री तो चादरी घेऊन आला.
कारखान्यातून स्वस्तात सुटलेल्या,
सेकंड निघालेल्या तीन.
एकीची किनार वाकडी,
एकीवर तेलाचा डाग,
एकीवरच्या मोराला पायच एक.
कार्ड चुकलं गं, तो म्हणाला,
पंजा विणायचाच राहिला.
मालक ओरडला, पण काय करणार,
विणलेलं उसवत नाही.

मग त्यानं घड्या घातल्या,
खालची रुंद, मधली तिच्याहून अरुंद,
वरची मोराची. उतार केला.
नुसती मान नको उचलायला,
पाठीपासून चढू दे, म्हणाला.
हे त्याला कुणी शिकवलं विचारलं नाही.
सिस्टरकडे गेला असेल ड्युटी सुटल्यावर,
डोक्यावर कापसाचं भुस्कट तसंच घेऊन.

आता मी डाव्या कुशीवर, घाटावर टेकल्यासारखी.
आग विझलेली नाही.
पण चढ लागलाय तिला,
वर येता येता दमते.
नळाला परवा पाणी येईल.
परवा मी अर्धा चमचा चटणी खाणार आहे,
कुणाला सांगू नका.

गालाखाली मोर.
बरगडीत आतून एक लाथ बसते,
मग अजून एक, नेम धरून.
अंबादास झोपेत विचारतो, काय झालं?
काही नाही, म्हणते मी,
तुमच्या मोराचा राहिलेला पाय
सापडला.