सत्तेचाळीस

चहा मी विकते, हे खोटं नाही.
बर्फाचा चहा, काचेच्या ग्लासात,
हायफाँगच्या बंदराकडे कंटेनर जातात त्या रस्त्याला,
चार बुटकी प्लास्टिकची स्टुलं, बांबूचा हुक्का,
सूर्यफुलाच्या बिया.
पण दुपारी चारनंतर
चहा कोणी पीत नाही.

चारनंतर माणसं स्वप्नं घेऊन येतात.
कुत्रा चावला. दात पडला.
मेलेली सासू आली, काही न बोलता भांडी घासून गेली.
मी विचारते, किती भांडी?
सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फाडते,
दोन आकडे लिहिते, पुढे रक्कम.
सव्वासहाला सरकारी सोडत निघते,
तिच्या शेपटीला आमचे आकडे लटकलेले.
लागला तर एकाला सत्तर.
नाही लागला, तर उद्याही माणूस झोपणारच आहे,
झोपला की काहीतरी दिसणारच आहे.

पोलिसांची गाडी वळली की मी चिठ्ठ्या गिळते.
टेटच्या सणाआधी वुअंग न्हाव्याची चिठ्ठी गिळली
आणि नेमका त्याचाच आकडा आला.
पैसे मिळाले नाहीत. चिठ्ठी नाही तर पैसे नाहीत.
आठवडाभर तो माझ्या पोटाकडे बघत होता,
जावयाकडे बघावं तसा.

मग क्वेत गेला.
समोरच्याच वळणावर, ट्रेलरच्या मागच्या चाकाखाली.
ॲम्ब्युलन्स यायच्या आत
दहा-बाराजणांनी मोबाइल काढले होते.
मला वाटलं, कोणाला तरी कळवतायत.
ते त्याच्या स्कूटरच्या नंबरप्लेटचा फोटो काढत होते.
शेवटचे दोन आकडे: चार, सात.

मी लिहिले. हात थरथरला, खोटं कशाला बोलू,
पण लिहिले.
मासळीवाली, शाळेचा शिपाई, वुअंग,
हॉस्पिटलातून सुटून आलेला एकजण, सलाइनची पट्टी हाताला तशीच.
तीन दिवस अख्खी गल्ली
एकाच मेलेल्या माणसावर पैसे लावत होती.

तिसऱ्या दिवशी लुआ आली.
डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी,
हातात अंत्यविधीला आलेली पैशांची पाकिटं,
काही तर अजून उघडलेलीही नव्हती.
म्हणाली, सगळे लावतायत,
मग मीच का नको?
माझाच होता ना तो.

मी तिला चहा दिला.
तो तिने प्यायला नाही.
मी लिहिलं.

सव्वासहाला सत्तेचाळीस आला.

असा आवाज या गल्लीने कधी ऐकला नव्हता.
वुअंग वस्तरा हातात घेऊन नाचला,
अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उठून त्याच्यासोबत.
कोणीतरी क्वेतच्या फोटोपुढे बियरचा कॅन ठेवला,
उदबत्त्यांच्या मधोमध.

साडेसातला मी बिन्हला फोन लावला. बंद.
आठला बंद.
त्याच्या घराच्या शटरला कुलूप,
बाहेर मुलांच्या चपलांचे तीन जोड, आत कोणी नाही.
सगळ्या गल्लीला सत्तर पट द्यायचे
तर त्याला बंदर विकावं लागलं असतं.
हातावर तुरी देऊन गेला,
आणि जाणार कुणाकडे? पोलिसांना काय सांगणार,
आमच्या गुन्ह्याचे पैसे बुडाले म्हणून?

माणसं माझ्याकडे आली.
फ्रीज नेला. स्कूटर नेली.
मासळीवालीने स्टुलं नेली, दोन;
दोन ठेवली, कारण तिला बसायला लागतात.
चिठ्ठ्या सगळ्यांकडे आहेत अजून,
चंदेरी, घडी घातलेल्या,
जणू कोणीतरी एक दिवस येऊन मागेल.

लुआ मात्र आली नाही.
तिच्या पावलांची वाट बघत मी अकरा दिवस
उलट्या दिशेला तोंड करून बसले.
बाराव्या दिवशी, बरोबर चारला,
समोरच्या स्टुलावर ती.
पांढरी पट्टी तशीच, जराशी मळलेली.

पैशांचं बोलली नाही.
म्हणाली, काल रात्री आला होता.
दारात उभा राहून चपला मागत होता, फक्त चपला.
थ्वाताई, चपलेला कुठला आकडा?

पलीकडच्या गल्लीत नवा माणूस आलाय,
एकाला पंचाहत्तर देतो म्हणतात.

मी तिच्याकडे बघितलं.
मग सिगारेटचं पाकीट उघडलं,
कागद काढला,
आणि विचारलं,
डावी मागत होता की उजवी?